बाईंच्या थापा

बाई,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा उशिराबद्दल माफी मागत बसत नाही. मुद्द्याचं सांगते. परवा मी मुलुंडला घरी परतले, बाराशे किलोमीटर मोटरसायकल चालवून, एकटी. आठ मुक्काम तंबूत, त्यातले सहा समुद्राच्या काठावर. पाठ ठणकते आहे, नाकाचं साल निघालंय, आणि तरी घरात पाय ठरत नाही. सुनेने दोनदा विचारलं, आई, बसत का नाही तुम्ही? हे सगळं सर्वांत आधी तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्हालाच सांगायला मला तोंड नाही.

घाटकोपरची शाळा, सातवी ब, शनिवारचा शेवटचा तास भूगोलाचा. धडा संपला की तुम्ही पुस्तक मिटायचात आणि म्हणायचात, आता सुट्टीतलं. चाळीस मुली पुढे सरकून बसायच्या. दिवाळीच्या सुट्टीत भावाची मोटरसायकल घेऊन तुम्ही एकट्या कोकणात उतरायचात, वाळूवर ताडपत्रीचा तंबू ठोकायचात. तिथे तुम्हाला माणसं भेटायची. सायकलवरून रामेश्वरला निघालेला शिंपी, जो वाटेत लोकांचे कपडे शिवून जेवण मिळवायचा. बैलगाडीतून भांडी विकणारं नवराबायको, ज्यांनी तुम्हाला घावन करून घातले. त्याच तासाला तुम्ही आम्हाला भरती मोजायला शिकवलं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ नसलेल्या मुलीने समुद्रावर झोपू नये, असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही हसायचो.

शाळेत तुम्ही बसने यायचात, त्यामुळे ती मोटरसायकल कोणी पाहिलेली नव्हती. कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली आणि मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं, कारण मी मॉनिटर. तासाला धडा पुरा होतो का, असं त्यांनी विचारलं. होतो, मी म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"आणि त्या गोष्टी? खऱ्या वाटतात तुम्हा मुलींना?"

"नाही बाई. थापा मारतात असं वाटतं."

मोठ्या बाई हसल्या. पुढच्या शनिवारी धडा संपला तरी तुमचं पुस्तक उघडंच. मागच्या बाकावरून कोणीतरी सुट्टीतलं सांगा म्हणालं. तुम्ही पान उलटलंत. "त्या थापा होत्या, बाळांनो. बेचाळिसावं पान काढा." माझ्याकडे बघितलंही नाहीत. वर्षअखेरीला माझ्या प्रगतिपुस्तकात तुमच्या अक्षरात एकच शब्द होता, शिस्तप्रिय. त्याऐवजी कान पिळला असतात तर बरं झालं असतं.

पुढे मी शिस्तीतच जगले. पदवी, नोकरी, हाताखाली तीस माणसं, सगळी मला टरकून. निवृत्तीनंतर मोटरसायकल शिकले तेव्हा मुलगा म्हणाला, आई, वाट लागेल. लागली नाही. पहिल्याच दिवशी गाडीसकट फेरीबोटीत चढले, पलीकडे उतरले, घाटातल्या वळणावरून अचानक खाली निळं पाणी दिसलं आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्यांदा काय ओरडले ते इथे लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी देवगडच्या अलीकडे एका किनाऱ्यावर पोचले. चार वाजलेले. बोरिवलीच्या दोन मुली, एकाच मोटरसायकलवर आलेल्या, खाली सपाट ओल्या वाळूवर तंबू ठोकत होत्या. मी सुरूच्या झाडांखाली गाडी लावली तशी एक जण आली, काकू, कुठून? मी सांगितलं. मुलुंडवरून एकट्या? हो. ती परत गेली आणि वारा माझ्या बाजूने होता, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. "काकू फेकतायत गं."

बाई, त्या क्षणी मला कसं वाटलं ते मी सांगायला नको.

एकादशी होती. माझा उपास होता, त्यामुळे तिथी लक्षातच होती. अकरा पाऊण सव्वाआठ. म्हणजे पूर्ण भरती सव्वाआठला, आणि अंधार पडायच्या आतच पाणी त्यांच्या तंबूत. मी खाली गेले आणि ऑफिसातल्या आवाजात सांगितलं, तंबू उचला. त्यांनी फोन काढले, रेंज नाही. काकू, पाणी केवढं लांब आहे बघा ना. मी खुंट्या उपटायलाच सुरुवात केली. माझ्या शेजारी उतरलेला गोरेगावच्या स्टुडिओतला लाइटमन, पन्नाशीचा, मूळचा मालवणचा, हसत हसत मदतीला आला. साडेसहाला, जिथे त्यांच्या गाद्या होत्या तिथून पहिली लाट फेस टाकून गेली. मुली बघतच राहिल्या. मग त्यांतली फेकतायत म्हणणारी नाचायलाच लागली, काकू, झकास, हे मला शिकवा, आत्ता शिकवा. आणि आम्ही चौघं वाळूत बसून पाऊणकी म्हणत होतो, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. लाइटमनने स्टोव्हवर बांगडे तळले, मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. त्याने विचारलं, "ह्यां कोणी शिकयल्यान तुमका?"

मग मी तुमच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. शिंपी, भांडीवाले, भावाची मोटरसायकल, सगळं. पन्नास वर्षांत एकदाही तोंडातून न काढलेलं, आणि शब्दसुद्धा तुमचेच आले. मुली पुढे सरकून बसल्या होत्या. सगळं संपल्यावर दोघींतल्या छोटीने हळूच विचारलं, हे खरंच झालेलं? शब्दन्‌शब्द खरा, मी म्हणाले. लाइटमन म्हणाला, "तुमका कसां ठावक? तुम्ही थंय होतास?" मी भांडी घासायला उठले.

त्याचं उत्तर इथे लिहिते. तुमच्या घरचं आता कोणी उरलेलं नाही, हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवायचा धीर झाला नसता. मोठ्या बाईंनी बोलावलं त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही नकाशा टांगायला स्टुलावर चढलात तेव्हा स्टूल मी धरलं होतं. साडी जरा वर झाली. उजव्या पोटरीवर भाजल्याचा लांबट डाग होता. आमच्या चाळीतल्या मेकॅनिकच्या पायावर अगदी तसाच, त्याच जागी, सायलेन्सरचा चटका. मी तिथल्या तिथे ओळखलं. मोठ्या बाईंना काय ऐकायचं आहे तेही मी ओळखलं होतं. त्या ऑफिसात थाप एकच मारली गेली, बाई, आणि ती मी मारली.