कासूचं पाणी आणि उजमाचं बाळंतपण

रोहा

प्रिय भाऊ नासिर,
सलाम आणि खूप खूप दुवा. कंबर कशी आहे? मस्कतच्या एसीत उघडा झोपू नकोस. हे पत्र मस्कतला निघालेल्या फैजलच्या हातून धाडतेय, कारण तुझा फोन आला की आमचे हे, तुझे दुल्हाभाई, स्पीकर लावतात.

उजमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. आली त्याच आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कुजलेल्या पाल्याशी मिळून भलतीच रसायनं तयार करतं, कर्करोग होतो, पोटातल्या बाळालाही धोका. तुझे दुल्हाभाई धाटावच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं होते (कॅन्टीनमध्ये, पण रसायन म्हटलं की अधिकारवाणीनं बोलतात). त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाला फडकं बांधलं आणि रोज सकाळच्या गाडीनं कासू गावच्या विहिरीचं पाणी आणायला लागले, दोन कॅन भरून. (गाडीत माणसं ताक समजून भाव विचारायची.) पाणी गोड होतं, खोटं का बोलू? पण तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांची संडासाच्या दारात भांडणं सुरू झाली. तीस वर्षांच्या संसारात "आधी तुम्ही जा" म्हणण्याइतकीही माया उरली नाय.

मला धडकी भरली ती उजमाची. रडतच तिला घेऊन डॉक्टर रोहिणीबाईंकडे गेले. तपासलं तर पोरगी ठणठणीत! मान खाली घालून म्हणाली, "अम्मी, मी ते पाणी प्यायलेच नाय. वास येत होता. फडकं सोडून नळाचंच पीत होते." मारावं की मिठी मारावी कळेना. मिठीच मारली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेसेज अगदीच खोटा नाय. ती द्रव्यं जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेली तर धोका असतो. पण क्लोरीन नसलेल्या पाण्यातले जंतू दोन दिवसांत आडवं करतात. नळाचंच पाणी उघड्या भांड्यात उकळा आणि नगरपालिकेकडे तपासणीचा अहवाल मागा." तेव्हापासून तुझे दुल्हाभाई दर सोमवारी अहवाल मागायला जातात. (तिथला चहा मात्र बिनतक्रार पितात.)

तुझी बहीण,
हाजरा

ता. क. तो मेसेज माझ्याच मोबाइलवर आला होता. मोठ्यानं वाचला मीच, कासूचं नावही मीच काढलं. ह्यांना मात्र सांगितलंय, मेसेज नासिरनं पाठवला. त्यांनी विचारलं तर "व्हय" म्हण, माझ्या राजा.

आणखी ता. क. ह्यांच्या शिव्या समोरासमोर खायला ये. उजमा म्हणते, मामा आल्याशिवाय दवाखान्यात जायची नाय.