लूमला लटकलेला काटा

रविवार, संध्याकाळ

आज मी काकाच्या लूमचं वजन चोरलं. धागा ताठ राहावा म्हणून काका बीमला, म्हणजे धागा गुंडाळलेल्या रुळाला, भंगारातलं लोखंड लटकवतो. त्यातला एक काळा गोल डबा पुसला, तर वर काच, आत काटा आणि इंग्रजीत फूट लिहिलेलं. मोबाईलवर फोटो जुळवला. जुन्या लढाईच्या विमानाचं उंची मोजायचं मीटर, एकदम सेम टू सेम. त्याच्या जागी विटेचा हलका तुकडा बांधला आणि मीटर घेऊन गच्चीवर पळालो. काटा हलला. थोडासाच, पण खरंच हलला!

खाली काका वैतागलेला. "दिप्या, कापड ढिलं का येतंय रे?"

"हवा बदलली, काका."

वाचणाऱ्या, पाया पडतो, कुणाला सांगू नको. काकाला कळलं तर तो ते परत बीमला लटकवेल, आणि काटा पुन्हा कधीच वर चढणार नाही.