झेंडूच्या माळेची गाठ

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. लॅबमधल्या एक्स-रे मशीनची पूजा. मशीन बंद, हळदकुंकू बेतानं. काळे सर लॅबचे प्रमुख, त्यांनी नारळ बाहेर व्हरांड्यात फोडायला लावला. "पाणी मशीनवर उडालं तर मले नवीन कोण घेऊन देईल?"
माळ मीच बांधली. सारखी घसरत होती. शेवटी मशीनच्या दाराच्या चौकटीत एक बारीक बटण आहे, त्यालाच दोऱ्याचा वेढा दिला आणि घट्ट गाठ मारली. मशीन अगदी नवरदेव दिसत होतं.
उद्या दसरा नि गांधी जयंती एकाच दिवशी. एक सुटी बुडाली. संताप!

४ ऑक्टो.
फुलं काढली, काम सुरू. तपासायला समुद्रपूरकडची काळी माती. वाळली की मशीनमध्ये नमुना ठेवायच्या खाचेतून सुटते. मशीन चालू असतानाच दार उघडायचं, माती बोटानं दाबायची, दार लावायचं. दिवसभर हेच. दार उघडलं की किरण आपोआप बंद होतात म्हणून बरं. हात घालण्याआधी किरण चालू असल्याचा दिवा बघायचा, किरण मोजायचा मीटर धरायचा, असा नियम आहे. कोण करतं दर वेळी?

९ ऑक्टो.
दोन रेघा. पुन्हा चाचणी केली. दोनच!
नितीनला गच्चीवर नेऊन सांगितलं. मागच्या वर्षी सगळ्यांना पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. यंदा कुणाला म्हणून सांगायचं नाही, सासूबाईंनाही नाही. नवरा माझा खुर्ची ओढून आणतो. मग म्हणतो, "तू बस आधी. उभी काऊन आहेस?" वेडाच आहे.
खूप खूप आनंद झालाय. भीतीही तेवढीच.

१० ऑक्टो.
सरांना मात्र सांगावंच लागतं, किरणांजवळ काम करणाऱ्या बाईनं. सांगितलं. सर खुश. लगेच मीटर घेऊन उठले. "थांबा मॅडम, आधी सगळं तपासून घेऊ." मशीन चालू ठेवून बाजूला उभं राहून त्यांनी दार उघडलं.
दिवा विझला नाही. मीटर ओरडायला लागला.
सरांनी मशीन बंद केलं, चौकटीत वाकून पाहिलं. फुलं गेली होती, गाठ तिथंच. बटण दाबलेलंच. दार सताड उघडं, तरी मशीनच्या लेखी ते लागलेलं.
म्हणजे चार तारखेपासून मी रोज...
सरांनी कात्रीनं दोरा कापला. एक शब्द रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ ऑक्टो.
सर समजावत होते. या मशीनचे किरण मऊ, कातडीतच अडकतात, पोटापर्यंत जवळपास जातच नाहीत. काळजी बोटांची. मला हे माहीत आहे. नव्या मुलांना मीच शिकवते! शिकवताना ते पुरतं. स्वतःच्या पोटाला नाही पुरत.
किती किरण लागले ते मोजणारा छातीवरचा बॅज तपासायला पाठवला. डॉक्टरीणबाईंचंही तेच, फार घाबरू नका, सोनोग्राफीत बघू.
नितीनला सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेईल. त्यानं एवढंच विचारलं, "कोणती बोटं?"

१६ ऑक्टो.
रोज सकाळी समुद्रपूरच्या शाळेत शिकवायला निघण्याआधी नितीन माझी बोटं खिडकीपाशी धरून बघतो. लाल नाहीत, सुजलेली नाहीत. आज त्या नादात एसटी चुकली.
"जाऊ दे. दुसरी येते."
मला रडू फुटलं, आणि मग त्याच्यावरच ओरडले. बिचारा.
माती आता सर दाबतात, मशीन थांबवून, मीटर धरून. मला खोलीत येऊ देत नाहीत, आलेख बाहेर आणून देतात. आज चुकून दोन नमुन्यांची अदलाबदल केली त्यांनी. मी चिडले नाही. थोडी चिडले.

२७ ऑक्टो.
बॅजचा रिपोर्ट नाही. सर फोन करकरून थकले. बोटं ठीक.
उद्या सोनोग्राफी. ठोके दिसायला हवेत. बाकी काही मागत नाही मी.
संध्याकाळी घरी आले तर सासूबाई आपलं जुनं मऊ लुगडं फाडून बसलेल्या. दुहेरी घडी घालून टाके घालत होत्या. एवढंसं दुपटं.
"आई, हे काय?"
"काई नाई वो. बसल्या बसल्या शिवून राह्यली." मान वर केली नाही. पण गालात हसत होत्या. कुणी सांगितलं नाही, तरी ओळखलं. सकाळी उलट्या लपवते म्हणजे मी स्वतःला फारच हुशार समजते.
नितीन मागोमाग स्वयंपाकघरात आला. हळूच म्हणाला, "थांबवू का तिले? उद्या जर..."
नको, म्हटलं. शिवू दे.