रिकामा रकाना

सोमवार, ३
आले एकदाची. कचेरीच्या माडीवरची खोली मिळाली, खिडकीतून आख्खी खाडी दिसते. काम माझ्या आवडीचं. ओहोटीला पाच ठरलेल्या जागी जाळं टाकून मासे मोजायचे, तळाचा चिखल चाळणीत धुवायचा आणि उरतील ते किडे, शिंपल्या, खेकडे तक्त्यात लिहायचे. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, ताई, लहानपणी चिखलात खेळून मार खाल्लास, आता त्याचीच नोकरी धरलीस. रविवारी येणार आहे. पोहता येत नाही, पण होडीत बसायची हौस दांडगी.

मंगळवार, ४
नावाडी अबोल आहे. एकच गोष्ट दोनदा बजावली, की तक्त्यात रकाना रिकामा ठेवायचा नाही. सापडलं नाही तर शून्य, मोजलं नाही तर आडवी रेघ. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, मी म्हटलं. इथलं कारण वेगळं आहे, म्हणाला आणि वल्हं मारू लागला. एकेका प्राण्याची जागा, लांबी आणि शेवटी जिवंत की मृत, इतकं लिहिता लिहिता मान मोडून आली. माझ्या आधीच्या बाईंचे तक्ते चाळले. रेघा इतक्या दाबून ओढल्यात की कागद फाटलाय.

गुरुवार, ६
काल भरती लवकर चढली. घाईत चौथ्या जागेचा माशांचा रकाना राहून गेला. आज सकाळी तिथे सात लिहिलेलं आहे. अक्षर माझं, पण मी लिहिलेलं नाही. धुवून पालथी घातलेली बादली उचलली, तर खाली सात मासे तडफडत होते. हसू आलं आणि मग बादली तिथेच टाकून मी माडीवर पळाले.

शुक्रवार, ७
नावाड्याला विचारलं. रिकामी जागा दिसली की खाडी ती भरते, म्हणाला. आज होडीत बसलाच नाही. एकटीच गेले. जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक ओळ दोनदा तपासली, रेघा मारल्या.

शनिवार, ८
कालच्या तक्त्याच्या माथ्यावरचा रकाना बघितलाच नाही मी. 'सोबती'. नावाडी नव्हता, म्हणून तसाच राहिला. आता त्यात लिहिलंय — धाकटी.
खोडरबराने जात नाही. ती फोन उचलत नाही. आई म्हणाली, तुला चकित करायचं म्हणून एक दिवस आधीच निघाली.

शनिवार, दुपार
नावाडी सांगत आला — एक मुलगी, ताई खाडीत असेल, तिला आणते म्हणून होडी सोडवून घेऊन गेली. चौथ्या जागेकडे. होडी दिसते. रिकामी. तो दुसरी होडी काढतोय —
तक्त्यात नवी ओळ. लांबी १५८ सेंमी. तिचीच उंची.
शेवटचा रकाना, जिवंत की मृत, अजून रिकामा आहे. मी आधी भरला तर —
तक्त्यावर पेन्सिल उमटत नाही. इथेच वहीत ओळ आखते. तशीच. जागा चौथी — धाकटी — १५८ — जिवं