आबांच्या खाटेजवळची खिडकी

तीर्थरूप आबा,
लेहहून विश्वजीतचं तुमच्या आन् आईच्या पायांवर डोकं.

फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई, म्हणून लिवतोय. मी बरा हाय. हितं आमच्या बराकीला दुहेरी काचंच्या खिडक्या हायत. बाहेर बर्फ आन् आत आमी बनियनवर! तसली काच आपल्या माण तालुक्यातल्या उन्हालाबी आडवती. मावळतीकडच्या दोन्ही खोल्यांना तीच बसवा. सरकत्या खिडक्या नकोत, फटीतनं वारं आन् धूळ येती. राणीला समदं समजावलंय, सुनंचं जरा ऐका.

खिडक्यांचं माप घ्यायला आलेल्या माणसाला तुमी माघारी लावलं म्हणं. "काच लावल्यावर मेंढरांचा आवाज कसा येणार रं?" राणीनं सांगितलं तवा लय हसलो.

आईचा गुडघा कसा हाय? खरं सांगा. मला आठ-धा दिवस वरच्या चौकीवर जायचंय, फोन लागायचा न्हाई. काळजी करू नगा.

आन् आबा, तुमच्या खाटेजवळची खिडकी जुनीच राहू द्या. तुमी फोनवर तिथंच बसून बोलता, आन् मागं आपली मेंढरं वरडत्यात. त्यांचं वरडणं कानावर पडल्याबिगर माझ्यानं फोन ठेववत न्हाई.

तुमचा,
विश्वजीत