चांगल्या लॉटचे डबे

बाबा, तुम्ही गेलात आणि अजून तुमचं क्रिमेशनही झालं नव्हतं, तेव्हा तुमचे मित्र घरी आले आणि त्यांनी तुमच्या काडतुसांची चौकशी केली. हे तुम्हाला कधीतरी सांगायचंच होतं. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण ते आठवलं की मला अजून शिसारी येते, आणि वडिलांशी बोलताना तोंड वाकडं करू नये असं आईने लहानपणी बजावून ठेवलंय. पण गेल्या आठवड्यात आई नॉटिंगहॅमचं घर विकून वॉटफर्डला माझ्याकडे राहायला आली. आत्ता ती वरच्या खोलीत मालिका बघतेय, आवाज जिन्यापर्यंत येतोय. घर रिकामं करताना गॅरेजमधलं तुमचं लोखंडी कपाट काढायला दोन माणसं बोलवावी लागली. त्यातल्या एकाने विचारलं, यात काय ठेवत होतात? आई शांतपणे म्हणाली, "जुनी भांडी." मला आधी हसू आलं, मग असा राग आला की सांगता सोय नाही. म्हणून लिहायला बसले.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरंच वाटत नाही. साताऱ्याहून आलेले भूलतज्ज्ञ, आठवडाभर हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल देणार, आणि छंद काय, तर स्कॉटलंडच्या डोंगरात जाऊन हरणं मारणं. बरं, मारायची तर तीसुद्धा जवळ जाऊन नाही. रांगत, भिजत, वाऱ्याचा अंदाज घेत जवळ जाणारे लोक तुम्हाला जुनाट वाटायचे. तुम्हाला या डोंगरावर पालथं पडून त्या डोंगरावरचं जनावर हवं असायचं. आणि त्यासाठी काडतुसं कसलीही चालत नाहीत, हे मी दहाव्या वर्षीच तुमच्याकडून शिकले होते. फॅक्टरीत एका लॉटमध्ये बनलेली सगळी काडतुसं एकसारखी जातात. दुसरा लॉट घेतला की गोळी थोडी वर नाहीतर खाली. जवळून तो फरक कळतही नाही, पण इतक्या लांबून छातीऐवजी पोट फुटतं. म्हणून एखादा लॉट चांगला निघाला की तुम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचात, कारण तो संपला की संपला. परवान्यावर किती काडतुसं बाळगायची तो आकडा लिहिलेला असतो, तो तुम्हाला कायम अपुरा पडायचा. आईच्या नावावरही परवाना काढू या, असं तुम्ही एकदा जेवताना सुचवलंत. आई म्हणाली, "अहो, माझ्या नावावर गॅसचं बिल आहे, तेवढं पुरे मला."

खोटं कशाला बोलू, त्या मांसाचा रस्सा मला आवडायचा. रविवारी तुम्ही स्वतः करायचात, साताऱ्याहून आलेला काळा मसाला घालून, सगळा ओटा बरबटून. खिडक्या उघडायला लागायच्या आणि शेजारची म्हातारी कुंपणावरून "स्मेल्स लव्हली" म्हणायची. मी ताटाला चिकटलेला रस्सा बोटाने पुसून खात असे. पण बाराव्या वर्षी हाफ-टर्मच्या सुट्टीत तुम्ही मला डोंगरावर घेऊन गेलात, त्यानंतर तो रस्सा माझ्या घशाखाली उतरला नाही. तुम्ही मित्रांनी मिळून तो डोंगर भाड्याने घेतला होता, त्यामुळे तुम्हाला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. तुमच्या शेजारी तो हाडांचा सर्जन पालथा पडलेला, डोळ्याला दुर्बीण लावून. तुम्ही गोळी झाडता. मग काहीच होत नाही, केवढा वेळ. मग तो ओरडतो, "हिट!" आणि तुम्ही दोघं पडल्यापडल्या हात मिळवता. माझ्या हातात तुम्ही वाढदिवसाला दिलेली लहान दुर्बीण आहे. तिच्यातून मला दिसतंय की हरिणी मागच्या पायांवर बसलीय आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढतेय. मी म्हणते, "बाबा, ती मेली नाहीये. चला ना तिकडे." तुम्ही म्हणता, "मधे ओढा आहे, तिथे पोचेपर्यंत अंधार पडेल. सकाळी बघू." सकाळी ती सापडली नाही. रात्री जेवताना तुमचं दुःख काय होतं, आठवतंय? गोळी खाली गेली याचं. नव्या लॉटचं काडतूस होतं, तुम्ही सर्जनला सांगत होतात. चांगल्या लॉटचे डबे गॅरेजमध्ये होते, पण ते असे उडवायला जीव होत नाही म्हणालात. म्हणजे चांगलं काडतूस वाचवलंत आणि हरिणीच्या पोटात वाईट घातलंत. मी रडायला लागले तर म्हणालात, "नाटकं बंद कर, जेव." मी जेवले नाही.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात तर कहरच झाला होता. अमेरिकेत निवडणूक झाली, नवं सरकार बंदुकांवर बंधनं आणेल अशी आवई उठली, आणि तिथल्या लोकांनी दुकानंच्या दुकानं रिकामी केली. फॅक्टरीवाले तिथेच माल पुरवत बसले, त्यामुळे इकडे येणारा बंद. मी केंब्रिजहून फोन केला की तुम्ही "अभ्यास कसा चाललाय" विचारायचात आणि उत्तर ऐकायच्या आधी काडतुसांवर यायचात. डर्बीचा दुकानदार माणशी एकच डबा देतो. लिंकनला काल आला होता, तासात संपला. शनिवार-रविवार गाडी घेऊन गावोगाव. आई म्हणाली होती, "लग्नाचं सोनं घ्यायला एवढे फिरला नव्हतात." आणि एका सकाळी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीचं दार उघडं, तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवलेले. तुमच्याच हॉस्पिटलातल्या लोकांना तुम्हाला वाचवता आलं नाही.

क्रिमेटोरियमचा स्लॉट पुढच्या आठवड्यातला मिळाला. इथे मेलेल्यालाही वेटिंग लिस्ट. समोरच्या खोलीत तुमचा फोटो, समई, आई खाली चटईवर. महाराष्ट्र मंडळातल्या बायका पाळी लावून पिठलं-भात आणून देत होत्या. अशात ते दोघं आले, सर्जन आणि तुमच्या डोंगरावरच्या टोळीतला तो इस्टेट एजंट. बूट काढले, सोफ्यावर टेकले, "सॉरी फॉर युअर लॉस" झालं. आईला वाटलं, हे तुमच्याबद्दल काही बोलतील. तिने स्वतःच विचारलं, तुम्हाला त्यांचं काय आठवतं? सर्जन म्हणाला, "ब्रिलियंट मॅन. सातशे यार्डावरून गोळी लावायचा." बस. मग घसा खाकरून म्हणाला, "ही वेळ नाही विचारायची, पण..."

"मग नका विचारू," मी म्हटलं.

"बोलू दे गं त्याला," आई म्हणाली.

तर काय म्हणावं त्याने? घरात काडतुसं ठेवणं आता तुम्हाला कायद्याने अडचणीचं, आम्ही तुमच्या डोक्यावरचा भार हलका करतो, हवं तर आजच. आणि दोघांनी कोटाच्या खिशातून आपापले परवाने काढले. फुलं आणायला विसरले होते बाबा, परवाने विसरले नव्हते. मग तुमच्या फोटोसमोर त्यांचं आपसात सुरू झालं. तो जुना लॉट माझ्या बंदुकीला जुळतो, मला अर्धे तरी हवेत. नाही, त्याने मला शब्द दिला होता. आई त्यांच्याकडे बघत मराठीत म्हणाली, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलेत मेले." सर्जनने मला विचारलं, काय म्हणतात त्या? मी म्हटलं, चहा घेणार का, विचारतेय. "लव्हली," तो म्हणाला, "दूध कमी." आणि चहा घेतला, दोघांनीही घेतला, बिस्किटं बुडवून! मला वाटत होतं आई त्यांना हाकलून देईल. पण ती थकली होती. म्हणाली, शनिवारी या आणि न्या एकदाचं सगळं. ते गेल्यावर मी तिच्यावर खूप ओरडले. ती एवढंच म्हणाली, "मला ते घरात नकोय गं. कुणी का नेईना."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, तुम्हाला पहिल्यांदा स्कॉटलंडला घेऊन गेलेल्या त्या फॅमिली डॉक्टरची बायको. काठी टेकत सरळ किचनमध्ये आली, खुर्चीवर बसली आणि पहिला प्रश्न विचारला, "आली होती का ती माणसं? काडतुसांसाठी?" आई म्हणाली, येऊन गेली. "येणारच," ती म्हणाली. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तुझा नवरा माझ्याकडेही आला होता. माझा नवरा नुकताच गेला होता, त्याचा देह अजून अंडरटेकरकडेच होता. मी त्याला दारातूनच घालवून देणार होते. पण त्याने हिला बरोबर आणलं होतं." तिने काठी माझ्याकडे केली. "लहान मुलगी दारात उभी असताना कोणाला घालवून देता येतं का? मी हिला केक कापून दिला आणि याने सगळे डबे गाडीत भरले. तू मात्र त्यांना सरळ नाही म्हण. मला जमलं नाही, त्याचा मला अजून राग येतो."

म्हणजे चांगल्या लॉटचे ते डबे या म्हातारीकडून आणलेले होते. मला माहीत नव्हतं बाबा. मला एवढंच माहीत होतं की मी दहा वर्षांची असताना एका दुपारी तुम्ही म्हणालात, चल, एका आजींकडे जाऊ, फ्रॉक घाल, तो निळा. म्हणजे फ्रॉकसुद्धा तुम्ही ठरवला होतात. आधी मला वाटलं म्हातारी खोटं बोलतेय. मग मला तिचं किचन आठवलं, आणि दुसरा तुकडा देताना ती माझ्याकडे नाही, खिडकीतून तुमच्या गाडीकडे बघत होती तेही आठवलं. मला तुमची किळस आली. सर्जनची आली होती त्याहून जास्त, कारण तो निदान कुणाचं पोर पुढे करून आला नव्हता. आई उठली, खाली वाकली आणि त्या म्हातारीच्या पाया पडली. म्हातारी घाबरली, तिला वाटलं आईचं काहीतरी खाली पडलंय, तीही बिचारी टेबलाखाली शोधायला लागली. आई वाकल्यावाकल्या रडत होती. तुम्ही गेल्यापासून ती तोवर रडली नव्हती.

मग तिने पोलिसांना फोन केला. शनिवारी सकाळी बंदूक परवान्याचा ऑफिसर व्हॅन घेऊन आला, भला माणूस होता. म्हणाला, बंदुका डीलरकडे ठेवता येतील आणि काडतुसांनाही आज सोन्याचा भाव आहे, विकू शकता. आई म्हणाली, "बंदुका न्या कुठे न्यायच्या तिथे. ही मात्र नष्ट करा. सगळी." तो डबे बाहेर नेत असतानाच इस्टेट एजंटची गाडी आली. तो धावत व्हॅनजवळ गेला, कुठे नेताय म्हणाला, आणि उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडला. "तो लॉट परत मिळणार नाही हो," तो आईला म्हणाला, "जगात कुठेही नाही." आणि आमच्या ड्राइव्हवर उभा राहून तो रडला. खरंच रडला बाबा, डोळे पुसत. पुढच्या आठवड्यात तुमच्या क्रिमेशनला तो आला, तेव्हा त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते. आई दारातूनच त्याला म्हणाली, "नाउ गो होम, प्लीज," आणि आत येऊन वरणाचा कुकर लावला. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

इथपर्यंतचं आईलाही माहीत आहे. पुढचं मी तिला सांगितलेलं नाही, आणि हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून फाडूनच टाकेन. त्या निळ्या फ्रॉकच्या दुपारी म्हातारीच्या घरून निघाल्यावर तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवलंत. आई कधी बसू द्यायची नाही. वाटेत चिप्स घेतलेत, गाडीतच खाल्ले, व्हिनेगर सांडलं तरी ओरडला नाहीत. जुनी गाणी म्हणत होतात, शब्द चुकले तर मुद्दाम भलतेच घालून मला हसवत होतात. घराच्या वळणावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आज तू होतीस म्हणून काम झालं." मी ते कितीतरी वर्षं मनात जपून ठेवलं होतं. आता त्याचा अर्थ कळलाय, तरी तुमच्याबरोबरचा इतका आनंदाचा दुसरा दिवस मला आठवत नाही. मी खूप शोधून पाहिला.