एकोणीस तारखेची हजेरी

३१ जानेवारी, शनिवार
फोन घेतला. म्हणजे घ्यावा लागला. सोमवारपासून ऑफिसात हजेरी अ‍ॅपवर, आणि ते अ‍ॅप माझ्या जुन्या फोनवर चढत नाही. वन्संना घेऊन टी. नगर. गर्दीत माझी काठी दोनदा कुणाच्या तरी साडीत अडकली.
दुकानदार सगळं वन्संनाच दाखवत होता. घेणार मी, पण माझ्याशी बोलायला त्याला जमेना. कॅमेरा असा, रात्रीचा फोटो तसा. वन्सं पंच्याहत्तरच्या, त्यांना साधा फोन उचलता येतो तेवढंच. शेवटी मी विचारलं, बटण कुठंय? "बटन इल्लै मॅडम, फुल स्क्रीन!" बटण नाही याचा त्याला घरात मुलगा झाल्यासारखा आनंद.
वायर लावायचं भोकसुद्धा नाही. कानात घालायचे दोन खडे दिले, बिनवायरचे.

१ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर नव्या फोनशी झटापट. ही नोंद त्याच्यावरची पहिली.
मिरजेहून लग्न करून इथं तमिळ मुलखात आले तेव्हा फोन फक्त ऑफिसात, टेलिफोनच्या बोर्डावर. मग माझा पहिला, बटणांचा. पाचच्या आकड्यावर बारीक टिंब. त्या टिंबावर बोट ठेवलं की सगळा फोन हातात. पदराखालून मेसेज करायचे, हे हसायचे, म्हणायचे तू चोर आहेस.
मग काचेचा आला. पेपरात म्हणे क्रांती. मी चार दिवस रडले. काच म्हणजे काच, कुठंही बोट ठेवा, सारखीच गुळगुळीत. पाचव्या दिवशी आतली बाई बोलायला लागली, बोटाखाली काय आहे ते सांगायला लागली. महिन्याभरात बँकेचं पत्र मी माझं वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता वाचलेलं पहिलं पत्र. त्या फोनला खाली गोल बटण होतं, आणि तो अंगठ्याने उघडायचा. अंगठा अंधारातही अंगठाच.
आता तेही गेलं. आता चेहरा. डोळस लोकांच्या उड्या बहुधा पुढंच पडतात. माझी एक पुढं पडते, एक मागं.
बटणाच्या जागी एक टिकली चिकटवली. मखमली, वन्संच्या पाकिटातली. बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार
हजेरी लागली नाही. अ‍ॅप म्हणतं चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. माझ्या पापण्या अर्ध्याच उघडतात आणि आत बुबुळं नाहीत, जन्मापासून. मिचकावणार काय? "फेस नॉट फाउंड." अठ्ठावीस वर्षं मी या बोर्डावर फोन जोडून देते आहे.
रिसेप्शनची सेल्वी म्हणाली, थांबा अक्का, फोनमध्ये बिघाड आहे का बघू. आधी टिकली बघून हसली, "फोनुक्कु पोट्टा?" फोनलाही टिकली! मग स्वतःचा चेहरा धरला, मिचकावले डोळे. फोन म्हणाला, "वेलकम सुलभा." दोघी पोट धरून हसलो.
हजेरी नाही, नुसता तिचा चेहरा माझ्या नावावर नोंदला गेला. पुसून टाक म्हटलं. नोंदवलेला चेहरा पुसता येत नाही, ते फक्त एच.आर.ला येतं. सांगायला दोनदा उठले. दोन्ही वेळा बोर्ड वाजला. उद्या.

४ फेब्रु., बुध.
एच.आर. मॅडमकडे गेले. चेहऱ्याचं सांगितलं, सेल्वीचा नोंदला गेलाय हे नाही सांगितलं. सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "हाताने नोंद आता बंद, सुलभा. सिस्टिम सगळ्यांना सारखी." मग मऊ आवाजात, "तुमची अडीच वर्षं राहिलीत ना? बोर्ड तरी किती वाजतो हल्ली? लवकर निवृत्तीचा विचार करा." महिनाभर हजेरी नसेल तर निवृत्तीचा कागद वर जातो, हेही सांगितलं.
बोर्ड खरंच वाजत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन, मला कोण विचारतो. पण हे गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं, आणि ते नसतं तरी मी आलेच असते.
तक्रार अ‍ॅपवाल्यांकडे पाठवू म्हणाल्या.

९ फेब्रु.
रोज ९.१०ला फोनसमोर उभी राहते. चष्मा लावून. चष्मा काढून. खिडकीकडे तोंड करून. "फेस डज नॉट मॅच." आता ओळख सेल्वीची बसली आहे, माझा चेहरा परका.
सेल्वी म्हणते, मी लावते ना रोज, दोन सेकंदांचं काम. नको म्हटलं. मी आले आहे तर मीच लागले पाहिजे.
वन्सं म्हणाल्या, "तो तुला पाहातो, तू त्याला पाहात नाहींस. वोळख कशी होईल गे?" त्यांचं हे तंजावरी मराठी मला आधी कळायचं नाही. आता त्यात शहाणपणच जास्त ऐकू येतं.

१३ फेब्रु.
कानातला डावा खडा सैदापेटच्या स्टॉपवर पडला. वाकून चाचपडले. एका बाईने पायाखालून काढून दिला. वायर असती तर गळ्यात लोंबकळला असता.
पण न्यायाने लिहावं. आज फोन बसच्या पाटीसमोर धरला, त्याने नंबर वाचला आणि मी कुणालाही न विचारता चढले. पन्नाशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. बसमध्ये एकटीच हसत होते, लोकांना वेडी वाटले असेन.

१९ फेब्रु., गुरु.
ताप. अंग मोडून आलंय. सकाळी सेल्वीला फोन केला, मी येत नाही, मॅडमना रजेचं सांग. "निवांत झोपा अक्का, मी बघते." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. वन्संनी मिरीचा रसम पाजला, नाकाडोळ्यांतून पाणी.

२२ फेब्रु., रवि.
बरं आहे. फोनचं एक नवीन कळलं, फोटो काढला की त्यात काय आहे ते सांगतो. स्वतःचा काढला. म्हणाला: "काळा चष्मा घातलेली एक स्त्री. निळी साडी. ती हसत आहे."
परत ऐकलं. चार वेळा. हसत आहे म्हणे.
तोच फोन, तोच कॅमेरा. मग ऑफिसातच कसा आंधळा होतो?

२ मार्च, सोम.
फेब्रुवारीचा तक्ता आला. मॅडमनी बोलावून वाचून दाखवला. सुलभा: हजर एक दिवस. १९ फेब्रुवारी.
मला हसूच फुटलं. ज्या दिवशी अंथरुणात होते तोच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. (ही म्हण मी वापरलेली मला चालते.)
मॅडम खूश. "बघा, चाललं ना एकोणीसला! म्हणजे अ‍ॅपमध्ये दोष नाही. त्या दिवशी काय केलंत तेच रोज करायचं." गुरुवारपर्यंत लेखी हवंय, त्या दिवशी कसं जमवलं. ते अ‍ॅपवाल्यांना पाठवून तक्रार बंद करणार.
बाहेर आले ते सेल्वीलाच गाठायचं ठरवून.

सायंकाळी
सेल्वीला जिन्यात गाठलं. तिने मला कठड्याकडे ओढलं. मग म्हणाली, तुमची रजा वाचावी म्हणून, अक्का. माझ्या फोनवर तुमचा नंबर टाकला, चेहरा दाखवला. "महिनाभर येताय, एक दिवस तरी लागू दे म्हटलं." रागावायचं होतं. तिचा हात धरून उभी राहिले. हात गार होता.
तिचं कंत्राट मार्चअखेर संपतंय. नवं मिळेल की नाही ते मॅडमच्या हातात. सांगितलं तर ती जाते. नाही सांगितलं तर तक्रार बंद, मी गैरहजर, आणि माझा कागद वर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
आणि चूक पहिली माझी. २ तारखेलाच सांगायला हवं होतं. बोर्ड वाजला हे कारण नव्हतं, हसू आलं होतं म्हणून राहिलं.

३ मार्च
जेवताना वन्संना सगळं सांगितलं. त्या भात कालवताना म्हणाल्या, "खोट लिहूं नको. नावही लिहूं नको. तोंड आहे म्हणून सगळच बोलाव कां गे?"
म्हणजे काय लिहू? "तूं त्या दिवशीं काय करत होतीस? तेच लीह."

५ मार्च, गुरु.
सकाळी लिहिलं, फोनवर बोलून, वन्संच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं. तीन ओळी. १९ फेब्रुवारी रोजी तापामुळे मी कामावर येऊ शकले नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, एक दिवसाची आजारी रजा मंजूर व्हावी. बाकीचे सगळे दिवस मी ९.१०ला हजर होते, तेवढं एक वाक्य खाली. एकोणीसची हजेरी मग कुणी लावली, ते लिहिलं नाही. ओळ सुटू नये म्हणून सही कागदावर पट्टी ठेवून केली.
कागद थेट मॅडमना देता येत नाही. आवक-जावक सेल्वीकडे. तिच्या टेबलावर ठेवला. टायपिंगचा आवाज थांबला.
इंग्रजीत होतं, तिला वाचायला वेळ लागू नये. तरी खूप वेळ लागला. पंखा फिरत होता. मागं कुणाचा तरी फोन वाजून थांबला. मी म्हटलं, सेल्वी, नको असेल तर परत दे, घरी नेते.
 नाक ओढल्याचा आवाज. ड्रॉवर उघडला.
"आजचीच तारीख घालू ना, अक्का?"
हो म्हटलं.
शिक्का जोरात बसला, टेबल हललं. मग तिची चप्पल, कागदासकट, मॅडमच्या केबिनकडे. दार उघडलं, लागलं.
मी बोर्डावर येऊन बसले. आता साडेअकरा, नुसता कागद ठेवायला इतका वेळ लागत नाही. ती अजून बाहेर आलेली नाही.